तीन पट्ट्या वर

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट लहान आहे. एका म्हातारीच्या भक्तीची आहे आणि तिच्या नातीच्या सुडाची.

आजीला जाऊन महिना झाला म्हणून तिच्या आत्म्यासाठी मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना होती. चर्च भरलेलं. गायकवृंदाचे सर्वेसर्वा मास्तर माइकसमोर उभे राहिले. "आजीबाईंचा आवाज म्हणजे आमच्या गाण्याचा कणा होता," ते म्हणाले आणि त्यांनी रुमालाने डोळे टिपले.

ऑर्गन वाजवायला बसलेल्या नातीने गाण्यांच्या वहीचं पान उलटलं. याच मास्तरांनी अकरा वर्षांपूर्वी भर सरावात, सगळ्यांदेखत आजीला सांगितलं होतं, "आवाज चिरकतो तुमचा. यापुढे नुसते ओठ हलवा." तेव्हापासून आजी मागच्या रांगेत उभी राहून ओठ हलवत आली. एक सराव चुकवला नाही तिने. घरी भांडी घासताना गुणगुणायची, तेही थांबलं. जपमाळेचे शेवटचे दहा मणी मात्र रोज मास्तरांच्या भल्यासाठी.

आता आजीचं आवडतं गीत मास्तर एकट्याने गाणार होते. नातीने सूर दिला. नेहमीपेक्षा तीन पट्ट्या वर.

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. तिने वहीकडे. भरल्या चर्चमध्ये थांबणं मास्तरांच्या स्वभावात नव्हतं. पहिली ओळ त्यांनी रेटली. दुसरीला मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. कडव्यात सूर चढला आणि आवाज टरकन फाटला. पुढच्या बाकावरच्या मावशीला अचानक खोकला आला. मग तिच्या शेजारणीलाही.

मिस्सा संपल्यावर मास्तर ऑर्गनपाशी आले.

"पट्टी चुकली का गं तुझी?"

"नाही, मास्तर. जमत नव्हतं तर नुसते ओठ हलवायचे."

मास्तर चष्मा पुसत निघून गेले. पुढच्या रविवारी ते शेवटच्या बाकावर येऊन बसले. गायला उठले नाहीत.

त्याच आठवड्यात नात फादरांकडे पापाची कबुली द्यायला गेली. सगळं सांगितलं.

"पश्चात्ताप होतोय?" कबुलीच्या कक्षातल्या जाळीपलीकडून फादरांनी विचारलं.

"नाही, फादर."

"थोडासा तरी?"

"खरं सांगू? परत वेळ आली तर चार पट्ट्या वर नेईन."

फादर जाळीजवळ सरकले. मग म्हणाले, "अगं, तुझ्या आजीने तर त्यांना केव्हाच माफ केलं होतं."

"तिने माफ केलं. आता मीही करायचं. मग तिच्या वतीने रागवायचं कोणी?"

पश्चात्ताप नाही, म्हणून पापाची क्षमा नाही, आणि क्षमेशिवाय प्रसादाची पवित्र भाकर घेता येत नाही. दर रविवारी सगळी माणसं ती घ्यायला रांगेने वेदीकडे जातात. नात जात नाही. शेवटचा माणूस जागेवर परतेपर्यंत ऑर्गन वाजवत राहते.

आजीची काळजी नको, ती देवाघरी पोहोचली. प्रार्थनेला बसाल तेव्हा या पोरीची आठवण ठेवा.