झोप न आणणारी गोळी

"गिळली ना?" बायकोनं विचारलं.

"हो," क्रेनवाला म्हणाला आणि रिकामा पेला तिच्या हातात दिला. गोळी जिभेखालीच होती.

ती आत वळताच त्यानं ती रुमालात थुंकली.

"आलोच कोपऱ्यावरून."

"आत्ता? जेवलात, आता पडा की जरा!"

हे 'पडा की जरा'च त्याला हल्ली खुपत होतं.

धुळीनं त्याला शिंकांची माळ लागायची, डोळे चुरचुरायचे. डॉक्टरनं बजावलं होतं, "जुनी गोळी बंद. ती खाऊन क्रेनवर चढलात तर खालच्या माणसांचा जीव घ्याल. ही नवी घ्या, हिनं सहसा झोप येत नाही." आणि तरी सकाळची पाळी संपवून, जेवून गोळी घेतली की हा मेल्यासारखा झोपायचा. दुसऱ्या दिवशीही डोकं जड. काल तर लोखंडाचा गठ्ठा एका मजुराच्या डोक्यावरून झुलत गेला. मुकादम एवढंच म्हणाला, "पुन्हा असं झालं तर कायमचा खाली उतरवीन."

कोपऱ्यावरच्या केमिस्टनं ओली गोळी कागदावर घेतली.

"ही जुनीच आहे. नवी पांढरी, लांबट असते. काकू दोन्ही नेतात की."

"दोन्ही?"

"जुनी स्वतःसाठी, म्हणाल्या."

बायकोला उभ्या जन्मात कधी शिंक आलेली त्याला आठवेना. गोळी पाकिटातून काढून हातावर ठेवायची तिची जुनी सवय, म्हणून त्यानं पाकीट कधी पाहिलंच नव्हतं. आता एकेक गोष्ट आठवायला लागली. दुपारनंतर मोरीत दोन कप. वर्षभर तोंड पाडून वावरणारी बाई हल्ली भांडी घासताना गुणगुणते. मला झोपवून हिचं चाललंय तरी काय?

संध्याकाळी त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "दुपारी कोणी येतं का गं?"

"कोण येणार?" तिनं मान वर केली नाही. "या घरात यायला तुम्ही कुणाला तोंड ठेवलंय?"

बघा, उलट माझ्यावरच! तो मनात चडफडला.

दुसऱ्या दिवशी गोळी पुन्हा रुमालात गेली. तो आडवा झाला. उशीखाली त्यानं मोठा पाना ठेवला होता.

बायको आली. त्याच्या तोंडावर वाकली, श्वास ऐकला, पाऊल न वाजवता गेली. मग कडी निघाली. पुरुषाचे बूट वाजले, लगेच काढले गेले.

"झोपलेत?"

"गाढ."

पावलं थेट खोलीत आली. माझ्या खोलीत! लाज कशी नाही या बाईला? त्याची बोटं पान्याभोवती आवळली. पायथ्याशी गादी दबली. कोणीतरी त्याचा पाळीभर बसून सुजलेला पाय मांडीवर घेतला आणि अंगठ्यांनी तळवा चेपायला लागलं.

"शिंका कमी झाल्या का गं आई, बाबांच्या?"

"झाल्यात. हळू बोल, जागे झाले तर पुन्हा हाकलतील तुला."

क्रेनवाल्याच्या हातातून पाना सुटला. त्यानं डोळे उघडले नाहीत. उलट बारीक आवाजात घोरायला लागला.