पस्तीसची लेन्स

इफ्फतचा निकाह शुक्रवारी होता आणि फोटो तिची मोठी बहीण कशफच काढणार होती. त्यासाठीच दोघी रावेतहून चिंचवडला, समाधानच्या दुकानात लेन्स बघायला आल्या होत्या.

समाधानने कशफच्या मिररलेस कॅमेऱ्याला पंच्याऐंशी एमएमची लेन्स लावून दिली. कशफने इफ्फतला समोरच्या स्टुलावर बसवून फोटो काढला. स्क्रीनवर नुसता चेहरा होता, पण काय सुंदर! मागची कपाटं धुक्यात गेल्यासारखी विरून गेली होती.

"बघा ताई, पापणीन् पापणी दिसतेय," समाधान म्हणाला. "नवरीसाठी हीच घ्या."

"छानच आहे. पण हात येत नाहीयेत."

"मग जरा मागे सरका की."

"निकाह घरातच आहे, दादा. बायकांच्या खोलीत मागे सरकायला जागा कुठली?"

कशफने पस्तीसची लेन्स मागितली आणि तिथूनच पुन्हा फोटो काढला. आता चेहरा लहान दिसत होता, मागची कपाटंही उघडी पडली होती, पण इफ्फतचे दोन्ही हात पूर्ण आले होते.

"हीच द्या."

समाधानला राहवेना. "ताई, लग्नाच्या फोटोत लोक नवरीचा चेहरा बघतात. हातांसाठी एवढी चांगली लेन्स सोडताय?"

कशफने बहिणीकडे पाहिलं.

"इफ्फतला बोलता येत नाही, दादा. काझीसाहेबांनी विचारलं की 'कुबूल है' ती हातांनीच म्हणणार आहे."