सुटलेली तार

फ्लोरियानोपोलिसच्या प्रयोगशाळेत ज्युसाराचा कन्व्हर्टर पाहायला दूरच्या काम्पिनास शहरातल्या कंपनीतली माणसं आली होती. साधा कन्व्हर्टर बाहेर जाणारी वीज ढासळली की मग ती सावरतो. ज्युसाराचा कन्व्हर्टर आत येणाऱ्या विजेवरही नजर ठेवायचा आणि ती डगमगताच, बाहेर धक्का पोचायच्या आधीच सावरून घ्यायचा. आदल्या संध्याकाळपर्यंत तो एकदाही चुकला नव्हता. आजची चाचणी जमली की काम्पिनासची नोकरी पक्की होती.

तिनं आत येणारं व्होल्टेज एकदम खाली आणलं. पडद्यावरची, बाहेर जाणाऱ्या विजेची सरळ रेघ धाडकन खड्ड्यात गेली आणि मग सावकाश वर आली. पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, हातातली कॉफी संपवली आणि निरोप घेतला.

ज्युसाराला रडू आवरेना. प्रयोगशाळेच्या प्रमुख योलांदा मॅडमनी तिला जवळ घेतलं. आई गेल्यापासून तिला त्यांचाच आधार होता.

"अगं वेडाबाई, एवढं काय मनाला लावून घेतेस? काम्पिनासमध्ये तुझं आहे तरी कोण? इथंच राहा माझ्याजवळ. आत येणारी वीज मोजणारी एक तार सुटली, म्हणून काय आभाळ कोसळलं? उद्या दोघी मिळून जोडू."

ज्युसाराचं रडणं थांबलं. कन्व्हर्टरचा डबा अजून कुणी उघडलाच नव्हता.

"मॅडम, तार सुटलीय हे तुम्हाला कसं कळलं?"

योलांदा मॅडमनी तिच्या पाठीवरचा हात हळूच काढून घेतला.