टिब्स पाचांत कसा?

"हा कोण?" रोझेल टिब्सने बायकोला पुन्हा विचारलं.

"अरे, डेविट क्रूम," ओडेसा म्हणाली. "इतकी वर्षं एकत्र खेळलात तुम्ही."

"असं?" म्हणून रोझेलने समोरच्या म्हाताऱ्याकडे बघून सभ्यपणे मान हलवली. क्रूम वॉकर धरून स्टेडियमच्या, मैदानात उघडणाऱ्या बोगद्यात उभा होता.

बाहेर मध्यंतर झालं होतं. टोलेडो हॅमर्स या अमेरिकन फुटबॉल संघाच्या इतिहासातल्या पाच सर्वांत मोठ्या रनिंग बॅकचा, म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या गर्दीत घुसणाऱ्या गड्यांचा, सत्कार चालला होता. नाव पुकारलं की स्वतःच्या नावाचा चेंडू घेऊन बोगद्यातून निघायचं आणि मैदानाच्या कडेला मांडलेल्या खुर्चीत जाऊन बसायचं. तिघं जाऊन बसले होते. राहिले दोघं. यादीत रोझेल पाचवा आणि क्रूम पहिला, पण एके काळचे जोडीदार म्हणून दोघांना शेवटी ठेवलं होतं.

क्रूमच्या पहिल्या नंबराबद्दल गावात दुमत नव्हतं. भांडण होतं ते रोझेलवरून. महिनाभर रेडिओवर तेच चऱ्हाट. टिब्स पाचांत कसा? क्रूमच्या निम्मं अंतरसुद्धा चेंडू घेऊन पळाला नाही तो! यावर स्टेडियमच्या गाडीतळात सॉसेज भाजणारे म्हातारे उसळायचे. "तू त्याला खेळताना बघितलंयस का रे, शेंबड्या?" पण त्यांनी स्वतः नेमकं काय बघितलं, हे त्यांना धड सांगता यायचं नाही. एवढंच सांगायचे, की क्रूम मोकळा सुटायचा तेव्हा समोरचे तीन-चार आडदांड गडी भलतीकडेच, रोझेलच्या अंगावर पडलेले असायचे. ते का पडायचे, हे त्या गड्यांनाही कळायचं नाही म्हणे. त्या माराने रोझेलचं डोकं असं झालं, असं डॉक्टरांनी ओडेसाला सांगितलं होतं.

"मी नाही जाणार," क्रूम एकदम म्हणाला. "माझ्या मुलीला सांगा, गाडी काढ म्हणावं."

क्लबचा माणूस हबकला. "मिस्टर क्रूम, अहो, लोक तुम्हालाच बघायला आलेत!"

"म्हणूनच नाही जाणार! सत्तर हजार माणसं, सगळ्यांच्या हातात फोन. वाऱ्यासारखा पळणारा क्रूम आठवतो त्यांना. आज हा सरपटणारा क्रूम बघितला, की उद्यापासून तेवढाच आठवेल. आणि दोन्ही हातांनी हा सांगाडा धरू, की तुमचा चेंडू?" त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

ओडेसाला त्याची कणव आली. पण तिचा जीव स्वतःच्याच माणसात अडकला होता. रोझेलचं हसं होऊ नये, एवढंच तिचं मागणं होतं. आठवडाभर तिने अंगणात स्वयंपाकघरातली खुर्ची मांडून त्याच्याकडून घोटून घेतलं होतं. सरळ चालायचं, खुर्ची दिसली की बसायचं. निम्म्या वेळा तो शेजाऱ्याच्या गॅरेजकडे निघायचा.

आता तो क्रूमकडे वाकून काहीतरी पुटपुटत होता. हा पुन्हा त्याला 'तू कोण' म्हणून विचारतोय की काय, या धास्तीने ओडेसाने त्याची बाही ओढली. तेवढ्यात बाहेर नाव पुकारलं गेलं. "रोझेल टिब्स!"

रोझेल निघाला. आणि चालला नाही, पळाला.

खुर्च्या डावीकडे होत्या, तो उजवीकडे वळला. कमरेत वाकून, दोन्ही हात पोटाशी घट्ट आवळून, त्या खिळखिळ्या गुडघ्यांवर तो थेट लांबच्या कोपऱ्याकडे सुटला. लोक आरोळ्या ठोकत उभे राहिले. मोठ्या पडद्यावर त्याची छबी झळकली आणि तेव्हा सगळ्यांना दिसलं, हात रिकामे होते. चेंडूच नव्हता.

"अरे, म्हातारा चेंडू विसरला!" कुणीतरी ओरडलं. हशा उसळला. क्लबचा माणूस हातवारे करत त्याच्यामागे धावला. रोझेलने मैदानावर नसलेल्या कुणाला तरी हुलकावणी दिली, खांदा पाडला आणि कोपऱ्यात तोंडावर आपटला. तरी हात पोटाशीच.

ओडेसा रडत पळत होती. ज्याची भीती होती, तेच झालं होतं. तेही साऱ्या गावादेखत. ती त्याच्याजवळ गुडघ्यांवर बसली. "ऊठ रे राजा. खुर्च्या तिकडे होत्या. ऊठ ना."

इतक्यात लाउडस्पीकर गरजला. "आणि आपला पहिला... डेविट क्रूम!"

सगळ्या माना बोगद्याकडे वळल्या. बोगदा रिकामा होता. लोक एकमेकांकडे बघू लागले. कॅमेरेवाले भांबावले. क्लबच्या माणसाने कपाळाला हात लावला. मग पहिल्या रांगेतून कुणीतरी बोट दाखवलं.

क्रूम खुर्चीत बसला होता. ताठ. वॉकर खुर्चीमागे सारलेला, कोटाची बटणं उघडी आणि मांडीवर कोटातून निम्मा बाहेर आलेला चेंडू. तो कधी आला, कसा आला, कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. त्याने हात वर केला आणि स्टेडियम दणाणून गेलं.

ओडेसा मोठ्या पडद्यावरच्या त्या चेंडूकडे वेड्यासारखी बघत राहिली. त्यावर नाव होतं टिब्स. तो चेंडू तिनेच मघाशी बोगद्यात रोझेलच्या हातात दिला होता.

रोझेलने कोपराखालून एक डोळा उघडला.

"रडतेस कशाला?" तो धापा टाकत कुजबुजला. "क्रूमकडे कुणी बघितलं नाही ना?"