दमयंतीचा शब्बाथ

बेलाच्या पनवेलच्या घरात शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, गॅस पेटत नसे, की झाडू फिरत नसे. शनिवारचा चहासुद्धा शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत थर्मासमध्ये भरून ठेवलेला असे. "आपण पाय पसरून बसायचं आणि कामवालीने राबायचं, हा कसला शब्बाथ?" असं म्हणून तिने नव्याने कामाला लागलेल्या दमयंतीलाही शनिवारची भरपगारी सुट्टी देऊन टाकली.

तरी शनिवारी सकाळी दमयंती दारात हजर!

"अगं, आज सुट्टी ना तुला? विसरलीस का?"

"नाय बाय, ध्यानात हाय."

बेलाने घाईघाईने झाडू दारामागे सारला. पण दमयंतीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पंख्याखाली भिंतीला टेकून ती ऐसपैस बसली आणि तिने डोळे मिटले.

बेलाने थर्मासमधला चहा दोन कपांत ओतला. "मग घरीच आराम करायचा होतास की, बाई!"

"घरी?" दमयंतीने एक डोळा उघडला. "घरी सगल्यांना मीच लागते. म्हणून सुट्टीचं सांगितलंच नाय. कामाला जाते, असं सांगून आलेय."