ज्याचं त्यानं न्यावं

नागोजीनं भर बाजारात, मिरचीवाल्यांच्या ओळीला लागून गोणपाट अंथरलं आणि त्यावर पोतं ओतलं. तांब्याची कळशी, बैलाची घुंगरमाळ, अडकित्ता, मोटेचा नाडा, कुणाच्या तरी दाराची पितळी कडी. आणि मग हा बाबा चक्क ओरडायला लागला, "या, लोकहो! ह्यो समदा माल म्या चोरल्याला हाय. ज्याचं त्यानं वळखावं आन् न्यावं!"

मिरच्या तोलणाऱ्यांचे हात तागडीवरच थांबले.

नागोजीला कोण ओळखत नव्हतं? निपाणीपासून चिकोडीपर्यंत रात्री कुत्रं भुंकलं की बायका त्याच्याच नावानं बोटं मोडायच्या. तीन महिन्यांमागं बेळगावात पाद्रीसाहेबांचं ऐकून तो येशूचा झाला, आणि आता म्हणे गावोगाव उपदेश करणार! विकून टाकलेला मालसुद्धा त्यानं तंबाखूच्या वखारीत पोती उचलून, त्या मजुरीतून एकेक करत परत मिळवला होता.

"अवं, चला की घरला!" त्याची बायको गुणाबाई मागून सदरा ओढत होती. "जेलात घालतील तुमास्नी. मी दोन पोरी घिऊन कुटं जाऊ?"

"चोरीचा माल घरात ठिवून कुन्या तोंडानं देवाचं नाव घिऊ, गुणा?"

तिनं एका हातानं कपाळ बडवून घेतलं. पण सदरा काही तिनं सोडला नाही.

सगळ्यात मोठा आवाज मारुतीरावांचा. ओढ्याकाठचे बडे शेतकरी, फेट्याचा तुरा हातभर. "बघत काय बसलाय? धरा त्याला! असल्या चोराला मोकळा सोडला तर ह्यो बाजार बसायचा न्हाय उद्या!" त्यांनीच माणूस धाडून चौकीवरच्या जमादाराला बोलावलं.

जमादार आला तो मिशीला पीळ देतच. "गुन्हा कबूल हाय?"

"हाय जी."

"शिपाई, बेड्या काढ!"

शिपाई पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभा राहिला. "साहेब, बेड्या..."

"काढ म्हणतो न्हवं!"

नागोजीनं खाली वाकून पोतं परत एकदा झटकलं. तळातून बेड्या खणकन गोणपाटावर पडल्या. "ह्या घ्या, साहेब. गेल्या शिमग्याला चौकीतनंच नेलत्या," असं म्हणून त्यानं दोन्ही मनगटं पुढं केली.

बाजार असा हसला की बैल बुजले. जमादाराच्या तोंडावरची माशी मात्र हलेना. बेड्या चोरीला गेल्याचं त्यानं वरती कळवलंच नव्हतं. याला कोर्टात उभा केला तर पहिली हजामत कुणाची होणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

तो खाकरला. "तक्रार कुणाची हाय? पुढं या. लिहून द्या."

मारुतीरावांनी इकडं तिकडं पाहिलं. त्यांचं काहीच चोरीला गेलेलं नव्हतं.

जैनांच्या गल्लीतला म्हातारा रायाप्पा काठी टेकत पुढं आला. त्यानं घुंगरमाळ उचलली आणि कानाशी नेऊन हळूच वाजवली. "आमच्या थोरल्या बैलाची. बेंदराच्या सणाला घालत हुतो." त्याचे डोळे भरून आले. "आणून देणाऱ्यावर कसली तक्रार करू, बाबा? माझी न्हाय."

"माझी बी न्हाय," कळशी कमरेवर घेत अक्काताई म्हणाली. कडीवाला तेच म्हणाला, नाडेवालाही. जमादारानं बेड्या गुपचूप खिशात घातल्या आणि "उगं गर्दी करू नका" असं दरडावत निघून गेला. चौकीपर्यंत त्याचा खिसा वाजत होता.

गोणपाट रिकामं झालं. आता नागोजीला बोलायचं होतं. पुढं वीस वर्षं तो या मुलखात उपदेश करत हिंडला, त्याला ऐकायला माळच्या माळ माणसांनी भरायचे. पण त्या दिवशी, तीन महिने घोकून पाठ केलेलं पहिलं प्रवचन काही केल्या तोंडातून बाहेर येईना. तो नुसता उभा राहून रडत होता. आणि आनंदानं रडत होता, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

एवढ्यात माणसं बाजूला झाली. मारुतीराव मघाशी कधी निघून गेले ते कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. ते परत येत होते. डोक्यावर फेट्याची चुंबळ आणि तिच्यावर मातीनं भरलेला भलामोठा दगड. तो त्यांनी गोणपाटावर टाकला. धाप लागली होती.

"हद्दीचा दगड हाय," ते खाली बघत म्हणाले. "माझ्या भावाच्या रानात आठ हात आत सरकवलता. सोळा वर्सं झाली."

भाऊ परशराम तिथंच गूळ विकत होता. सोळा वर्षांत दोघं एकमेकांशी बोलले नव्हते. तो ढेपांमागून उठून आला. दगडाकडं त्यानं बघितलंही नाही. भावाच्या खांद्यावरची माती मात्र हातानं झटकली, पुन्हा पुन्हा झटकली.

"नागोजी, जाऊ नगंस रं!" मागून कुणीतरी ओरडलं. "घराकडं जाऊन आलोच!"

"मी बी आले!" एक बाई पदर खोचून पळतच सुटली. मिरचीवाल्यांच्या ओळीतून दोघं तागडी टाकून उठले.

गुणाबाईच्या हातातून सदरा कधी सुटला ते तिलाही कळलं नाही. तिनं रिकामं पोतं उचललं, दातानं त्याची शिवण उसवली आणि गोणपाटाशेजारी ते नीट अंथरलं.

"हितं ठेवा," ती म्हणाली. "आन् रांगेनं या."