शिफ्टची कळ

कळ गेल्याचं आधी कळलं ते पुतळाबाईला. खिचडी चढवायच्या आधी ती रोज शाळेच्या कंप्युटरवरून फडका फिरवायची. त्या सोमवारी फडका कीबोर्डाच्या डाव्या कोपऱ्यात अडकला. बघते तर लांबट पांढरी कळ होती तिथं नुसतं भोक.

“बाई, तुमची शिफ्ट चोरली कोनी!”

मनाली बाई हजेरी टाकून धावल्या. शेलार गावाच्या पुढच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत हा एकच कंप्युटर. शाळा समितीचे अध्यक्ष पंढरीशेठ यांनी आपल्या गोदामातला जुना दिलेला. उजवीकडची शिफ्ट गोदामात असतानाच निकामी झालेली, सगळी भिस्त डावीवर. तिच्याशिवाय अर्धी मराठी अक्षरं उमटत नसत. बाईंनी कळांवर कागदाचे तुकडे चिकटवून मराठीत नावं लिहिली होती. त्यातली एक आता नावासकट गायब.

वर्गात कुणाला काही विचारावंच लागलं नाही. सगळ्यांनी सरूकडे पाहिलं.

सरू तिसरीत. पुस्तक उघडलं की तोंड शिवल्यासारखी बसायची. कंप्युटर आला आणि पोर वाचायला लागली. पडद्यावर अक्षर उमटलं की मोठ्यानं ओरडायची. मग ती खोडच लागली. बिस्किटाचा पुडा असो की रिक्षाची पाठ, दिसेल ते मोठ्यानं वाचायचं. जोडाक्षराला तेवढी अडायची.

पण संशयाला कारण होतं. बाईंनी शिकवलं होतं, “शिफ्ट दाबली की अक्षर बदलतं.” आता पोरं सगळी कापडाच्या लूमवर राबणाऱ्यांच्या घरची. त्यांच्याकडे शिफ्ट दोनच, रात्रीची नाहीतर दिवसाची. सरूचा बाप दौलत पंढरीशेठच्याच कारखान्यात रात्रपाळीला. ती शाळेतून येई तेव्हा तो झोपलेला, तो उठे तेव्हा ड्युटीची वेळ झालेली. सरूनं पडद्यावर बापाचं नाव लिहिलं, डोळे मिटले आणि शिफ्ट दाबली.

त्याच आठवड्यात दिवसपाळीचा एक माणूस मुलखाला निघून गेला आणि त्याची जागा दौलतला मिळाली.

मग काय! वर्गातल्या भाविकनं आपल्या बापासाठी दाबली. त्यालाही दिवसपाळी मिळाली. करिष्मानं मामासाठी दाबली, तर मामानं दिवसाचं दुसरं कामच धरलं. बाई समजावून समजावून थकल्या. गोष्ट धामणकर नाक्यापर्यंत पोचली. रिक्षावाले विचारू लागले, “बाई, हमारा भी नंबर लगाओ ना!”

पंढरीशेठना कळलं तेव्हा ते पोट धरून हसले. शनिवारी पोरांना केळी वाटायला आले, तेव्हा कंप्युटरच्या टेबलाला टेकूनच म्हणाले, “जल्ली ती कळ! माझ्या कारखान्यात शिफ्ट मी ठरवतो का हा डबा?” पोरंही हसली.

आणि सोमवारी कळ गेली.

“मी न्हाय घेतली,” सरू म्हणाली.

“घाबरून घेतली आसंल,” पुतळाबाई बाईंच्या कानाशी म्हणाली. “कोनी परत दाबली आन् बाप परत रात्रीला गेला, तर? पोरच ती.”

संध्याकाळी दौलत आला. केसांत कापसाची पिंज तशीच. त्यानं सगळ्यांसमोर लेकीचं दप्तर उलटं केलं. पाटी, पेन्सिलचे तुकडे, एक चिंच.

“झाला जीव थंड? आता तिला आजीकडं धाडतो, तिकडं गणेशपुरीच्या पाड्यावर. चोर म्हनवून घेयाला न्हाय ठेवायची हितं.”

“दौलत, तिकडे ती शाळेत जाईल का?”

“बकऱ्यांमागं जाईल.”

“उद्या पंढरीशेठ येतायत. त्यांनी चारचौघांत म्हटलं की पोरगी चोर नाही, तर ठेवाल?”

दौलतनं केसांतली पिंज झटकली. “शेठ बोलले तर बगू.”

दुसऱ्या दिवशी पंढरीशेठ आले ते नवा कीबोर्ड काखेत मारूनच. ऐन एप्रिलात बुशशर्टाचं बटण पार गळ्यापर्यंत लावलेलं. चार लोकांना दिसावी म्हणून एरवी शर्टावर मिरवणारी जाड सोन्याची चेन आज आत.

“बरं नाही का शेठ?”

“घसा धरलाय. ते जाऊ द्या. कुठं हाय ती पोरगी?”

सरू बापाचा हात धरून दारात उभी होती. पुतळाबाई चूल सोडून आली. शेठनी घाम पुसला.

“हे बग दौलत. पोरांची जात, चूक झाली आसंल. मी माफ केली. चोर बोलत नाय मी तिला.”

“मी न्हाय घेतली,” सरू म्हणाली.

“बरं, नाय घेतली. शाळेत ये. पन कंप्युटरला हात नाय लावायचा. आन् बाई, या नव्या कीबोर्डाची शिफ्ट मी काढूनच आनली दोन्हीकडची. उगाच पोरांच्या डोक्यात खूळ नको.”

“पण शेठ, शिफ्टशिवाय मराठी कसं लिहायचं?”

“जेवढी अक्षरं उमटतील तेवढी शिकवा.”

दौलतनं लेकीचा हात सोडला. बाईंनी तेवढ्यावर समाधान मानलं.

“चल पोरी, वायर तरी धर,” शेठ मोठ्या मनानं म्हणाले आणि मागची पिन लावायला टेबलाखाली वाकले. गुडघे टेकले, पोट दाबलं गेलं, आणि गळ्याचं बटण तटकन तुटून उडालं. चेन बाहेर घसरली आणि सरूच्या नाकासमोर झुलू लागली. एकवीरा आईचं पदक, आणि त्याच्या शेजारी काळ्या दोऱ्यानं आवळून बांधलेलं काहीतरी लांबट, पांढरं.

त्यावर अक्षरं होती. सरूनं खोडीप्रमाणे ती मोठ्यानं वाचली, आणि जोडाक्षराला मुळीच अडली नाही.

“शिफ्ट!”